श्वासाची पेटी

२ नोव्हेंबर १९४१, रविवार

विष्णुपंत डॉक्टर म्हणाले, पोरीत रोज काय बदल दिसतो ते लिहून ठेवत जा. त्यांच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहितो. पण लिहायला बसलो की बदलापेक्षा भीतीच जास्त सुचते आणि ती डॉक्टरांच्या उपयोगाची नाही. म्हणून ती इथे.

इंदू आमची एकुलती एक. अकरावं चालू आहे. तिच्या आधीची दोन राहिली नाहीत. दसऱ्याच्या सुमारास तिला घटसर्प झाला. घशात पांढरा पापुद्रा धरला, मान सुजली. डॉक्टरांनी सीरम टोचलं, आम्ही नेण्यातच थोडा उशीर झाला होता, तरी लेकरू वाचलं. दिवाळीत तिने अनारसे खाल्ले. आम्ही समजलो, सुटलो.

आज सकाळी पाणी पिताना ते नाकातून बाहेर आलं. ती हसली. तिची माय अंजनी म्हणाली, "काहून वं, हत्तीण झाली का तू?" इंदूने पुन्हा घोट घेतला. पुन्हा नाकातून. मग कोणी हसलं नाही. आवाजही गेंगाणा येतो आहे, जणू कोणी तिचं नाक धरून ठेवलं आहे.

५ नोव्हेंबर

नेपियर टाउनात डॉक्टरांच्या दवाखान्यात इंदूला ठेवून घेतलं. डॉक्टर घराण्याने मोठे, पण माझ्याशी बाकावर बसून बोलतात. म्हणाले, रोग गेला, पण त्याचं विष अंगात राहिलं. ते नसांना झोपवतं. आधी टाळू, मग डोळे, मग हातपाय. पुढे श्वासाच्या स्नायूंपर्यंतही जाऊ शकतं.

"नस मरत नाही, पुंडलिकराव. झोपते. महिना-दीड महिन्यात जागी होते. प्रश्न तोवरचा आहे."

"तोवरचा म्हणजे?"

"तोवर तिचा श्वास कोण घेणार."

मग त्यांनी एका इंग्रजी मासिकातलं चित्र दाखवलं. लांब पेटी, आत माणूस, नुसतं डोकं बाहेर. मला ती तिरडीपेक्षा वाईट वाटली. पेटीला भाता जोडलेला. भाता उघडला की पेटीतली हवा ओढली जाते, आतल्याची छाती फुगते आणि नाकातोंडाने हवा आत येते. भाता मिटला की बाहेर. कलकत्त्याच्या त्यांच्या मित्राने अशी पेटी चालताना पाहिली आहे. आपल्या प्रांतात कुठे असल्याचं त्यांना ठाऊक नाही. परदेशातून मागवायची तर लढाईत जहाज कुठलं?

"लाकडात होईल का?" त्यांनी विचारलं.

मी तोफगाड्यांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं लाकूडकामावर आहे. म्हणालो, "लाकडात सगळं होते, साहेब. फक्त जीव घालता येत नाही."

"तो आत आहेच," डॉक्टर म्हणाले. "तो जाऊ द्यायचा नाही, एवढंच."

९ नोव्हेंबर, रविवार

इंदूला एका वस्तूच्या दोन दिसतात. मला म्हणाली, "दोन-दोन बाबा. दोघंही सारखेच घाबरले."

कारखान्याच्या साहेबांनी मोडीतलं सागवान आणि प्लायच्या फळ्या नेऊ दिल्या. मोटर आणि पट्ट्याचं काम गोविंद लोधीने अंगावर घेतलं. तो फिटर, तोंडाने फटकळ, मला भगतजी म्हणतो. डॉक्टर संध्याकाळी येतात, कोट काढून फळीवर बसतात, चित्र आणि पेटी आलटून पालटून पाहतात.

पहिली पेटी फसली. डॉक्टरांनी भात्याचं माप पुरत्या माणसाचं सांगितलं होतं आणि माझे सांधे हवा सोडत होते. लोधी म्हणाला, "डाकसाब की चूक, भगतजी की चूक, मेरी भी कोई निकालो, बुरा लगता है." डॉक्टर मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. आज इंदूचे पाय उचलत नव्हते.

१४ नोव्हेंबर

सांधे सरसाने आणि भुश्याने भरले. मानेभोवती मोटारीच्या ट्यूबची गळपट्टी बसवली. लोधी म्हणाला, "पहले आप लेटो. बनाया आपने, भुगतो भी आप."

मी आत निजलो. झाकण लागलं. भाता उघडला आणि छाती आपोआप वर आली, हवा तोंडातून आत शिरली. मी काहीच केलं नव्हतं. भाता मिटला, हवा गेली. पुन्हा आली. अडवून पाहिलं तर अडत नव्हती. बाहेर डॉक्टर ओरडून विचारत होते, कसं वाटतं. काय सांगणार? मनात आलं, एरवी तरी श्वास मी घेतो असं कुठे आहे? निजल्यावर कोण घेतं? पेटीत पडल्या पडल्या मी नर्मदामाईचं नाव घेतलं आणि ते नावही भात्याच्या तालावरच बाहेर आलं.

१७ नोव्हेंबर

आज घातली. सकाळपासून तिची छाती हलत नव्हती, नुसत्या नाकपुड्या फडफडत होत्या. ओठ निळे. अंजनी पायांशी बसून "माय, माय" करत होती. मी आणि डॉक्टरांनी उचलून पेटीत ठेवली. मीच घडवलेलं झाकण मीच लावलं.

भाता चालू झाला. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. तिने डोळे उघडले, आढ्याकडे पाहिलं. भाता मिटताना तेवढं बोलता येतं तिला, दोन-दोन शब्द.

"बाबा... चावी..."

"कसली चावी, बेटा?"

"पेटीची... हरवू... नका."

बेबीताई परिचारिका तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

१९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बजावलं आहे, तोंडाने खाणं नाही, पिणं नाही. दूध नाकातल्या नळीने जातं. लाळसुद्धा बेबीताई पुसून घेतात. गिळण्याची नस अजून झोपलेली आहे.

कारखान्यात लढाईमुळे पाळ्या वाढल्या. मी पहाटेची पाळी मागून घेतली, दुपारपासून इथे असतो.

अंजनी रोज अंधारात उठून घरून, मदन महलहून, पायी ग्वारीघाटला जाते. नर्मदामाईचं पाणी आणते, देवापुढे ठेवते, तुळशीचं पान घालते आणि लोटा घेऊन इथे येते. पेटीजवळ मात्र जात नाही. लेकीचं नुसतं डोकं बाहेर पाहून तिला भोवळ येते. दारातूनच लोटा माझ्या हाती देते. तीर्थ मी देतो, पळीभर. खाणंपिणं बंद आहे, पण तीर्थ म्हणजे खाणंपिणं नव्हे. माझी माय निर्जळी एकादशीलाही तीर्थ घ्यायची, उपास मोडत नसे. नळी, टोचणी, मोटर, हे सगळं दुसऱ्यांनी दिलेलं. आम्हा दोघांकडून तिला जातं ते एवढंच.

२२ नोव्हेंबर

आज मनाला फार लागलं. तीर्थाची पळी ओठांशी नेली तर इंदूने ओठ मिटून घेतले. मी म्हटलं, "घे बेटा, मायनं आणलं." तिने मान हलवता येते तेवढी हलवली. नाही.

लेकरू देवावर रुसलं आहे. रुसावं अशीच गत आहे, तिला काय दोष द्यायचा. पण माणसाने याच वेळी सोडलं तर धरायचं कधी? मी तिला समजावत राहिलो. समजावता समजावता माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग भाता मिटला तेव्हा तिने तोंड उघडलं.

तीर्थ घेतल्यावर तिचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर

ताप आला. छातीत घरघर वाजते. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, उजवीकडे खाली पुन्हा पुन्हा.

"तोंडातून काही गेलं का हिच्या? दूध, पाणी, काहीही?"

"नाही, साहेब. दूधसुद्धा नळीनंच."

बेबीताईही तेच म्हणाल्या. डॉक्टर कपाळ चोळत बसले. म्हणाले, "मग हे पेटीतून आलं. कुठून ते कळत नाही."

मी बनवलेल्या पेटीतून. घरी आलो तर जेवण गेलं नाही. अंजनीला सांगितलं, आता दोन वेळा तीर्थ देऊ, संध्याकाळीही. ती म्हणाली, "मी दोनदा जाते ना घाटावर. पायाले काय झालं माझ्या?"

२७ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. इंदू बोलत नाही. तीर्थाला तोंड मात्र उघडते, मी सांगायच्या आत.

२९ नोव्हेंबर, एकादशी

आजचं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी उपासाला नुसतं तीर्थ घेऊन पाळीला गेलो. दुपारी दवाखान्यात डॉक्टर व्हरांड्यातच भेटले. म्हणाले, "पुंडलिकराव, पेटी थांबवावी असं मला वाटायला लागलं आहे. ओढ जास्त होत असेल, गळपट्टीतून गार हवा शिरत असेल. कलकत्त्याला तार केली होती, त्यांनाही सांगता येत नाही. जी तिला मारते आहे तिच्यातच तिला ठेवायची का?"

"बाहेर काढली तर?"

ते पेटीच्या खोलीकडे वळले.

मी म्हटलं, मला एकदा गळपट्टी तपासू द्या. हवा कुठे ओढली जाते ते पाहायला आम्ही लाकूडकामात धूर धरतो. दवाखान्याच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली आणि गळपट्टीच्या कडेने हळूहळू फिरवली. कुठेच फट नव्हती. धूर सरळ वर जात होता. हनुवटीजवळ आलो आणि भाता उघडला. धुराची रेघ वाकली. वाकून सरळ इंदूच्या तोंडात गेली. कोणी दोऱ्याने ओढावी तशी. भाता मिटला, धूर बाहेर आला. पुन्हा उघडला, पुन्हा आत. इंदूला ठसका आला, पण खोकायचं बळ नव्हतं, नुसते डोळे भरून आले.

ते भरलेले डोळे मी ओळखले. रोज पाहत होतो.

उदबत्ती हातात तशीच जळत राहिली. ओढणारी पेटी मी बनवली, तिच्यात निजून पाहिलं, अडवून अडत नाही हेही पाहिलं. आणि रोज तिच्या तोंडाशी पाणी नेत होतो. जिला गिळता येत नाही तिच्या. भाता उघडतो आहे की मिटतो आहे तेही न पाहता.

वाटलं, न बोलता घरी जावं. पण डॉक्टर पेटी थांबवायला निघाले होते. पेटीचा दोष नव्हता. मी बोललो नसतो तर ती पेटीबाहेर मेली असती.

सगळं सांगितलं. डॉक्टर स्टुलावर बसले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझी आई निर्जळीला तीर्थ घेते. मी दरवेळी पाहतो. मला कसं सुचलं नाही?" मग उठले आणि म्हणाले, "चला. पायाकडची बाजू उचलायची. डोकं खाली. छातीतलं वाहून आलं पाहिजे."

लोधीला बोलावणं धाडलं. आम्ही पेटीखाली लाकडाचे ठोकळे घातले. रबरी फुग्याने घसा ओढून साफ करायला बेबीताईंना शिकवलं. सल्फाची गोळी कुटून दुधातून नळीने दिली. लोधी जाताना एवढंच म्हणाला, "भगतजी, आज आप भी कुछ खा लो."

१ डिसेंबर

ताप तसाच. डोकं खाली असल्याने तिचा चेहरा तांबडा दिसतो.

आज आम्ही दोघंच असताना विचारलं. "तुले समजत होतं का, बेटा? त्या पाण्यानं त्रास होते म्हणून?"

भाता मिटला. "हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं... ना. तोंड... मिटलं."

तरी विचारलं. विचारायला नको होतं. "मग उघडलं काहून?"

भाता उघडला, मिटला, उघडला, मिटला. मग म्हणाली, "तुम्ही... रडले."

मी तिच्या कपाळाला कपाळ लावून बसलो. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. "मायले... सांगू नका. एवढी... चालत... जाते."

४ डिसेंबर

अंजनी दोन्ही वेळा लोटा आणते. पाय सुजले आहेत. मी दारातून घेतो, आत जातो, मागच्या दाराने बाहेर पडतो आणि कडूनिंबाच्या बुडाशी ओततो. परत येतो.

"घेतलं का तिनं?"

"घेतलं."

लग्नापासून या बाईशी मी खोटं बोललो नव्हतो. आता दिवसातून दोनदा बोलतो. आणि तिचा चेहरा त्या एका शब्दाने उजळतो.

संध्याकाळी देवापुढे बसलो, पण काय मागायचं ते सुचेना. पाणी माईचं, हात बापाचा, श्रद्धा आईची. यातलं वाईट काय होतं? आणि तिघांनी मिळून लेकराच्या छातीत काय भरलं? गावच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं होतं, भावनेने दिलेलं देव घेतो. इंदूनेही घेतलं. हे मी कोणाला विचारू?

९ डिसेंबर

सदरच्या छावणीकडे लष्कराच्या गाड्यांची धावपळ आहे. जपान लढाईत उतरला म्हणतात. इथे मोटर जळाली.

लोधी दुसरी आणीपर्यंत भाता हाताने ओढला. मी, डॉक्टर, बेबीताई, मग कारखान्यातून सुटलेले लोक, आळीपाळीने. डॉक्टर दांड्याला होते तेव्हा तिची नाडी लागेना. त्यांनी दांडा माझ्याकडे दिला आणि टोचणी भरली. तोंडाने म्हणत होते, "थांबू नका, थांबू नका." ते कोणाला म्हणत होते कोण जाणे. मी ओढत राहिलो. मागायचं अजूनही सुचलं नाही. नुसतं ओढलं.

नाडी परत आली.

१४ डिसेंबर

काल घशातून बरीच घाण निघाली. आज अंगाला घाम आला आणि ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, अजून काही बोलू नका. मी बोललो नाही.

अंजनीला दारात सांगितलं तर ती खाली बसली आणि लोट्याला डोकं टेकवलं.

२१ डिसेंबर

आज डॉक्टरांनी भाता थांबवला. खोलीत एवढी शांतता मी ऐकली नव्हती. इंदूचे डोळे मोठे झाले. मग तिच्या गळ्याखाली काहीतरी हललं, आणि छाती उचलली. थोडीच, चिमणीएवढी. पण तिची. लगेच दमली, पुन्हा भाता चालू केला. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

४ जानेवारी १९४२, रविवार

इंदू घरी आली. पाय अजून ओढते, पाणी दाट करून पाजतो, पण गिळते. जीव आहे. श्वास तिचा तिचा आहे.

सगळा मोहल्ला आला. अंजनी प्रत्येकीला सांगते, "डॉक्टरनं हात टेकले होते, बाई. म्हणे पेटीच बंद करतो. मी दोनदा घाटावर जाऊन राहिली होती. माईच्या पाण्यानं वाचवलं." बाया हात जोडतात. इंदू माझ्याकडे बघते, मी इंदूकडे.

डॉक्टर म्हणाले होते, घरी सांगा. मी म्हटलं, सांगतो. कसं सांगायचं? तिच्याकडे दुसरं काय आहे?

११ जानेवारी, रविवार

ते व्हायचंच होतं आणि मला दिसलं नाही.

सदरच्या शकुताईंची लेक, चार वर्षांची, घटसर्पातून उठून इंदूसारखीच पडली. काल तिला पेटीत ठेवली. गळपट्टी लहान करायला मी आज दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी शकुताईंना सगळे नियम सांगितले होते, तीर्थाचंही स्पष्ट सांगितलं होतं. पण मी खोलीत शिरलो तर अंजनी तिथे होती. पेटीजवळ. जी दारातून आत पाऊल टाकत नव्हती ती. शकुताई तिच्या पायाशी बसलेल्या. "डॉक्टर नको म्हणतात, पण तुमची वाचली ना, ताई? तुमच्या हातून द्या." बेबीताई दूध गरम करायला गेल्या होत्या. अंजनीच्या एका हातात लोटा, दुसऱ्या हातात भरलेली पळी. भाता उघडत होता.

मी तिचं मनगट धरलं. पाणी पेटीवर सांडलं.

"काय करून राहिले?" ती ओरडली. "तीर्थ आहे ते!"

"म्हणूनच. हिच्या छातीत जाईल."

"इंदूच्या गेलं का?"

"गेलं."

तिला समजलं नाही. मी सांगितलं. शकुताईंसमोर, दूध घेऊन परतलेल्या बेबीताईंसमोर सांगितलं. ताप कशाने आला, उदबत्तीचा धूर कुठे गेला, इंदू तोंड काहून मिटत होती. मी पळी धरत होतो तेही सांगितलं. अंजनी उभीच होती. लोटा तिने छातीशी धरला होता, कोणी हिसकावेल असा.

"कधीपासून माहीत तुम्हाले?"

"एकादशीपासून."

"त्याच्यानंतर मी रोज आणलं."

"हो."

"अन् तुम्ही रोज म्हटलं, घेतलं."

"हो."

"मग ते पाणी कुठं गेलं?"

"मागच्या निंबाला."

तिने लोट्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कोणाच्या पायाखाली तर येत नव्हतं?"

मी नाही म्हटलं. ती लोटा घेऊन बाहेर गेली. शकुताई लेकीच्या डोक्याशी तोंड लपवून रडायला लागल्या. मला त्यांना धीर द्यायचा होता, पण माझ्या धीरावर आता कोण विश्वास ठेवणार?

१२ जानेवारी

रात्री चूल पेटली नाही. इंदूने विचारलं, "मायले सांगितलं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं होतं ना," आणि भिंतीकडे तोंड केलं.

पहाटे अंजनी घाटावर गेली नाही. इतक्या वर्षांत आजारपण सोडून असं झालं नव्हतं. अंथरुणात उघड्या डोळ्यांनी पडून होती. मी पाळीला निघालो.

दुपारी दवाखान्यात पोचलो तर ती आधीच आलेली. पेटीच्या डोक्याकडे स्टुलावर बसलेली, हातात कापूस. बेबीताईंनी दाखवलं होतं तशी पोरीच्या ओठांवरची लाळ टिपत होती. ती पोरीच्या चेहऱ्याकडे न बघता फक्त ओठांकडे बघत होती. शकुताईंची सासू सदरहून आली होती, पदराखाली वाटी होती. अंजनीने मान वर केली.

"आजी, तोंडात काही नका घालू. थेंबही नाही."

"अवं, देवाचं आहे."

"आम्हीही देवाचंच दिलं," अंजनी म्हणाली. "आम्ही आमच्या लेकीले मारत आणलं होतं."

सासूबाई वाटी घेऊन उभ्या राहिल्या. मग ती वाटी त्यांनी खिडकीत ठेवली.

मी दारात होतो. अंजनीने मला पाहिलं. काल संध्याकाळपासून माझ्याशी एक शब्द नाही. तरी तिने आम्ही म्हटलं होतं. माझ्या एकट्यावर टाकलं असतं तर खरंच होतं ते. संध्याकाळी डॉक्टर येऊन पोरीची छाती ऐकून गेले. म्हणाले, अजून स्वच्छ आहे, पण पोर फार लहान आहे, सांगता येत नाही.

मी विचारलं, "घरी चालते का?"

अंजनीने नकारार्थी मान हलवली आणि नवा कापूस घेतला.